बोपदेव घाटापलीकडच्या मिस्त्रीमामांना

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ते अजून मनाला लागलंय. बोपदेव चढून बोपगाव मागे टाकलं की सासवडच्या अलीकडे लिंबाखाली तुमची ती पत्र्याची पेटी, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, फांदीला टांगलेल्या दोऱ्या. नातू दिवसभर मोबाईल घेऊन बसतो असं तुम्हीच म्हणालात, तर त्याने हे तुम्हाला वाचून दाखवावं एवढीच इच्छा.

त्या रविवारी तुमच्यापाशी पोचले तेव्हा मी रडायच्या बेतात होते आणि तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलंत. घाटात दोनदा सायकलची चेन उतरली होती. चढ लागला की पुढचा गिअर मोठ्या चकतीवरून छोट्या चकतीवर टाकायचा आणि नेमकी तेव्हाच चेन छोटीलाही ओलांडून आत फ्रेमवर पडायची, पायाखालून पायरी काढून घ्यावी तसं पेडल रिकामं फिरायचं. दुसऱ्या वेळी पेडलला अडकणारे माझे शूज पेडलमधून सुटले नाहीत, मी रस्त्यावर आडवी झाले, मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितेय.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. दोन महिने हेच चाललं होतं. पुण्यात एका मोठ्या चकाचक दुकानात तीनदा गेले, पहिल्यांदा ते म्हणाले चेन ताणलीय, बदला. बदलली. मग म्हणाले मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, पण बदला, तीही बदलली, साडेसहा हजार गेले आणि चेन पडायची ती पडतच राहिली. तिसऱ्या वेळी तिथला मुलगा माझ्याशी बोललाच नाही, सोबत आलेल्या माझ्या भावाला म्हणाला, "मॅडमना गिअर टाकायची सवय नाहीये, पॅडलवर जोर देऊन टाकत असतील." भावाला सायकलमधलं ओ की ठो कळत नाही! मी सात वर्षं रोड बाईक चालवतेय. जोर कमी करून गिअर टाकायचा हे मला माहितीय, तसाच टाकत होते. पण तीन वेळा ऐकल्यावर माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो ना, तसं माझं झालं होतं.

तुम्ही आधी विचारलंत, "ताई, हात लावू का?" मग दोरीत सीट अडकवून सायकल टांगलीत, चेनवर स्टीलची पट्टी धरलीत, कड्यांच्या बारा जोड्या बरोबर बारा इंच भरल्या. "चेन नवीच आहे हो, तिचा काय दोष, तिला ढकलणारा जास्त ढकलतोय." बास. एवढ्या एका वाक्यात माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. माझी मोठी चकती 50 दात्यांची, छोटी 34 ची, एका झटक्यात चेनला 16 दाते खाली यायचं असतं, आणि आतल्या बाजूला तिला अडवणारा स्क्रू सैल राहिला होता. चेनला ढकलणारा पुढचा डिरेलर हवं त्यापेक्षा जास्त आत जात होता. त्या दुकानात कोणी तिकडे वाकून बघितलंसुद्धा नव्हतं.

पण मी लिहितेय ते यासाठी नाही. स्क्रू सापडल्यावर तुम्ही स्क्रू ड्रायव्हर शर्टाच्या कडेला पुसलात, मूठ माझ्याकडे केलीत आणि म्हणालात, "तुम्हीच फिरवा. परत सैल झाला तर घाटात मी थोडाच असणार." मी पाव फेरा फिरवला, तुम्ही हाताने पेडल फिरवत होतात, मी गिअर टाकला, चेन खट्कन छोटीवर बसली आणि तिथेच राहिली. परत टाकला. परत बसली. दहा-बारा वेळा करायला दिलंत, मागे दोन गिऱ्हाईकं पंक्चर घेऊन उभी होती तरी घाई केली नाहीत.

मामा, तो पुसून हातात दिलेला स्क्रू ड्रायव्हर मी विसरू शकत नाही. आपल्याला जे काम येतं ते लोक मुठीत दाबून ठेवतात, समोरच्याने परत परत यावं म्हणून, आणि बाईमाणूस असेल तर तिला कळणारच नाही असं धरून चालतात. तुम्ही वीस रुपये घेतलेत, शंभराच्या नोटेचे ऐंशी मोजून परत दिलेत आणि तुमची पुढची वीस रुपयांची कमाई पण माझ्या हातात देऊन टाकलीत. असं सरळ वागणारी माणसं रस्त्याच्या कडेला बसलेली असतात आणि आपण त्यांच्या समोरून सुसाट निघून जातो, मी स्वतः सात वर्षं गेले, एकदाही थांबले नव्हते.

त्यानंतर नऊ रविवार झाले, चेन एकदाही उतरली नाही. मधे दोनदा थांबले तर पेटीला कुलूप, शेजारचे रसवाले म्हणाले शेतावर गेलेत. या रविवारी साडेसातपर्यंत येते. आधी नाव विचारणार आहे.

तुमची,
निळ्या सायकलवाली ताई