विज्ञानकथेतला भारतीय संघ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाल्यावर त्यांच्या विज्ञानकथांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र माझ्या वाचनात आलेल्या लेखांत ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचा उल्लेख क्वचितच होता, आणि जिथे होता तिथे क्रिकेटवरची एक गमतीदार गोष्ट यापलीकडे तिची दखल घेतलेली नव्हती. शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवलेला आणि लहानपणापासून कसोटी सामने ऐकत-पाहत आलेला वाचक म्हणून मला हे मनापासून खटकले. राष्ट्रीय क्रिकेट संघ विज्ञानकथेत आणण्याचे प्रयत्न इतर भाषांतही झाले आहेत. त्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या कथेचे मोल लक्षात येत नाही, म्हणून हे पत्र.

इंग्लंडचा संघ इंग्रजी विज्ञानकथेत अधूनमधून भेटतो. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेत १ जानेवारी १९६६ रोजी दाखवलेल्या भागात नायकाचे कालयान ओव्हल मैदानावर ऐन कसोटीत उतरते, आणि समालोचक जराही विचलित न होता पुढे बोलत राहतात. डग्लस ॲडम्स यांच्या १९८२च्या कादंबरीत पांढरे यंत्रमानव लॉर्ड्स मैदानावर उतरून ‘ॲशेस’, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेचे मानचिन्ह असलेली राख, पळवतात, कारण विश्वाच्या एका मोठ्या कुलपाच्या किल्लीचा एक भाग त्या राखेत दडलेला असतो. कल्पना भव्य आहे, शिवाय १८८२ साली ओव्हलवर इंग्लंड सात धावांनी हरल्यानंतर वर्तमानपत्रात छापून आलेल्या, इंग्लिश क्रिकेट मेल्याच्या थट्टेच्या मृत्युलेखाशी ती थेट जोडलेली आहे. तरीही या दोन्ही ठिकाणी संघ जागचा हलत नाही. जग उलटेपालटे होत असताना न बदलणारी एक गोष्ट म्हणून तो तिथे उभा आहे. विज्ञान जे काही घडवते ते सीमारेषेच्या बाहेरून येते.

याला आर्थर कॉनन डॉईल यांची १९२८ सालची एक कथा अपवाद म्हणावी लागेल. तिच्यातला तब्येतीने नाजूक असा तरुण झाडांमध्ये उंच दोर बांधून त्यावरून चेंडू टाकण्याचा सराव करतो, आणि जवळजवळ आभाळातून सरळ यष्टीवर पडणाऱ्या त्या चेंडूंपुढे ऑस्ट्रेलियाचे फलंदाज हतबल होतात. डॉईल स्वतः प्रथम श्रेणीचे सामने खेळले होते आणि त्या काळचे नामवंत फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा बळी त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे खेळाचा तपशील पक्का आहे. पण ती गुरुत्वाकर्षणापुरतीच गोष्ट आहे.

नारळीकर विज्ञान थेट गोलंदाजाच्या हातात आणून ठेवतात. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा भारतीय खेळाडू डाव्या हाताने चेंडू टाकू लागतो, आणि त्यामागचे कारण मोबियसच्या पट्टीत असते. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन तिची टोके चिकटवली आणि तिच्यावरून हाताच्या पंजाची सपाट आकृती पूर्ण फिरवून आणली, तर उजव्या पंजाचा डावा झालेला दिसतो. हा प्रयोग मी वर्गात कितीतरी वेळा केला आहे, आणि मुलांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य दर वेळी नवे असे. तीन मितींतल्या माणसाला असे फिरवायचे तर त्याला चौथ्या मितीतून न्यावे लागेल. माणसाची डावी-उजवी बाजू उलटण्याची कल्पना एच. जी. वेल्स यांनी १८९६ सालीच वापरली होती. नारळीकरांनी तिला गोलंदाजी दिली आणि उजव्या सोंडेचा गणपती दिला. सोंडेच्या दिशेवरून मूर्ती ओळखणाऱ्या, उजव्या सोंडेचे सोवळे कडक मानणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला डाव्या-उजव्यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

क्रिकेटच्या दृष्टीने पाहिले तर ही कल्पना आणखी खोल जाते. उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा गोलंदाज आरशातल्यासारखा उलटला, तर उजव्या फलंदाजासाठी आत वळणारा त्याचा चेंडू आता बाहेर जाईल, आणि वर्षानुवर्षांचा सरावही शरीराबरोबरच उलटलेला असल्यामुळे डाव्या हाताची अचूकता कणभरही कमी असणार नाही. खेळाच्या नियमाप्रमाणे हात बदलताना पंचांना सांगावे लागते, नाहीतर तो नोबॉल ठरतो. आपल्या विदर्भाचा अक्षय कर्णेवार आणि श्रीलंकेचा कामिंदू मेंडिस यांनी दोन्ही हातांनी गोलंदाजी करून दाखवली आहे, त्यामुळे आजच्या वाचकाला हे दृश्य अशक्य वाटणार नाही. मला या कल्पनेतून पुढे सुचणारा प्रश्न वेगळाच आहे. आपली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांचे रेणू डाव्या-उजव्या पंजांसारखे दोन बाजूंचे असू शकतात, पण आपल्या शरीरात आणि अन्नात ते एकाच बाजूचे असतात. उलटलेल्या शरीराला आपल्या अन्नातले बरेचसे पोषण घेता येणार नाही. मग पाच दिवसांच्या कसोटीत असा गोलंदाज कितव्या दिवसापर्यंत उभा राहील, आणि कर्णधाराने हे ठाऊक असूनही त्याच्या हाती चेंडू द्यावा का?

अशा प्रश्नांवर मराठीत कथा लिहिल्या जाव्यात, असे मला कळकळीने वाटते. २००८च्या श्रीलंका दौऱ्यात भारताच्या कसोटींत पंचांच्या निर्णयाच्या फेरविचाराची पद्धत पहिल्यांदा आजमावली गेली, आणि आज पायाला लागलेला चेंडू पुढे कुठे गेला असता हे यंत्र सांगते आणि न घडलेल्या गोष्टीवर फलंदाज बाद होतो. एवढे विज्ञान रोज डोळ्यांसमोर असताना आपला संघ मात्र कथेतून जवळजवळ गायब आहे.

आपल्या दिवाळी अंकासाठी कथा मागवताना या विषयाला जागा द्यावी, आणि रविवारच्या पुरवणीत ‘उजव्या सोंडेचा गणपती’वर एखाद्या जाणकाराचा सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, पुणे