सहावीतल्या मुलाचे ठसे कुणाच्या लॅपटॉपवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या नातवाच्या शाळेत एक ‘बुद्धिमत्ता शिबिर’ झालं. सहावीच्या मुलांना हॉलमध्ये रांगेत बसवलं, एकेकाची दहाही बोटं काचेच्या छोट्या यंत्रावर टेकवून घेतली आणि दोन्ही तळहातांचे फोटो काढले. पालकांकडून ३,८०० रुपये घेतले. पंधरवड्याने ३२ पानांचा गुळगुळीत रंगीत अहवाल घरी आला. आत मेंदूचं चित्र, त्याचे दहा रंगांत दहा तुकडे, प्रत्येक तुकडा एकेका बोटाला जोडलेला आणि प्रत्येकापुढे टक्केवारी. गणिती-तार्किक ८.९१. संगीत १३.०४. शेवटच्या पानावर शिफारस : ‘विज्ञान शाखा टाळावी.’

सूनबाईंनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “बाबा, हे तर तुमचंच खातं.” एका अर्थी बरोबर आहे. मी ३१ वर्षं पोलिसांच्या अंगुलीमुद्रा विभागात काढली. भिंग, शाईचा रूळ, दहा बोटांच्या स्लिपा आणि घटनास्थळावरून आलेले चान्स प्रिंट, हेच आयुष्य. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

आधी कारागिरीचं सांगतो. ठसा घेताना बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवावं लागतं. नुसतं दाबलं तर मधला भाग उमटतो, कडेचा डेल्टा बाहेर राहतो. डेल्टा म्हणजे तीन बाजूंनी आलेल्या रेषा जिथे भेटतात तो त्रिकोण. तो नसेल तर ठशाचा प्रकारही नक्की करता येत नाही आणि रेषाही मोजता येत नाहीत. शिबिरात मुलांनी बोटं दाबली, लोळवली नाहीत. मी घरी स्टॅम्प-पॅड काढलं आणि नातवाचा उजवा अंगठा नीट लोळवून घेतला. अहवालात त्या अंगठ्यावर ‘लूप’ लिहिलंय, माझ्या आजीच्या भाषेत शंख. भिंगाखाली दोन डेल्टा स्वच्छ दिसतात. म्हणजे तो व्होर्ल आहे, चक्र! आमच्याकडे पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ माणसाने असं लिहिलं असतं तर साहेबांनी स्लिप तोंडावर फेकली असती. इथे त्या चुकीवर चार पानं आणि एक मूळ स्वभाव उभा केलाय.

पण चूक नसती तरी ठशावरून बुद्धी आणि स्वभाव कळतो काय? हा प्रश्न माझ्या धंद्याइतकाच जुना आहे. कोलकात्यात १८९७ साली जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झालं. वर्गीकरणाचं खरं डोकं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांचं, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री साहेबाचं लागलं. (हे मी दर संधीला सांगतो, घरचे कंटाळले आहेत.) त्याच्या पाच वर्षं आधी, १८९२ मध्ये, फ्रान्सिस गाल्टनने ठशांवर पुस्तक लिहिलं. गाल्टन म्हणजे डार्विनचा भाऊबंद. बुद्धी रक्तातूनच येते असं ठाम मानणारा आणि त्यापायी सुप्रजननाचं विषारी खूळ जगाच्या गळ्यात मारणारा माणूस. बोटांवरून वंश आणि स्वभाव ओळखता यावा, अशी त्याला मनापासून आशा होती. त्याने विज्ञानाचे विद्यार्थी, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर, विद्वान मंडळी आणि लंडनजवळच्या आश्रमातली मतिमंद माणसं अशा सगळ्यांचे ठसे घेऊन तुलना केली. फरक सापडला नाही, आणि सापडला नाही असं त्याने छापून टाकलं. ज्याला ते सिद्ध व्हायला सर्वांत जास्त हवं होतं, त्याच्याच हाती १३० वर्षांपूर्वी काही लागलं नाही.

शिबिरवाल्या तरुणाला मी फोन केला. बोलायला गोड होता. म्हणाला, “सर, हे न्यूरोसायन्स आणि जेनेटिक्सवर आधारित आहे. मेंदू आणि त्वचा गर्भात एकाच थरातून तयार होतात.” थराचं खरं आहे. पण त्याच थरातून केस, नखं आणि दाताचं एनॅमलही येतं. मग मुलाचा कल न्हाव्याला आधी कळायला हवा. त्याचा दुसरा पुरावा ‘एटीडी कोन’. तळहातावरच्या तीन डेल्टांना जोडणारा हा कोन, त्यावरून म्हणे मूल किती वेगाने शिकतं ते कळतं. हा कोन त्याने हवेतून काढलेला नाही, म्हणून दोन ओळी लिहितो. अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठात हॅरल्ड कमिन्स हे शरीररचनेचे प्राध्यापक होते. या अभ्यासाला ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे नाव त्यांनीच १९२६ मध्ये दिलं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावर खालचा डेल्टा बऱ्याचदा वर सरकलेला असतो, त्यामुळे कोन मोठा होतो, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. डाउनचं कारण म्हणजे २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत, हे १९५९ मध्ये कळलं. गर्भात गुणसूत्रांचाच घोळ असेल तर हात आणि मेंदू दोन्हींवर खूण उमटते, एवढाच त्याचा अर्थ. धडधाकट मुलाचा कोन तीन अंशांनी कमी-जास्त असला म्हणून त्याला त्रिकोणमिती जमणार की नाही, हे त्यातून निघत नाही.

माझी भाची पुण्यात जनुकशास्त्रात पीएचडी करते. तिला अहवालाचे फोटो पाठवले. तासाभराने तिचा फोन : “मामा, हे राहू दे, तुला खरंखुरं काहीतरी वाचायला देते.” तिने दोन शोधनिबंध समजावून सांगितले आणि खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिला २०२२ चा, शांघाय आणि एडिंबरा इथल्या संशोधकांचा. त्यांनी २३ हजारांहून अधिक लोकांची जनुकं आणि ठसे ताडून पाहिले. ठशाच्या प्रकाराशी जोडलेली जनुकं निघाली ती गर्भात हातपाय घडवणारी. इव्हीआय-१ नावाचं एक तर त्यातलं ठळक. दोन्ही करंगळ्यांवर चक्र असणाऱ्यांची करंगळी सरासरीने थोडी लांब असते, असलंही त्यात आहे. म्हणजे बोटावरचा ठसा सांगतो तो बोटाबद्दल! दुसरा २०२३ चा, एडिंबरा विद्यापीठातल्या डेनिस हेडन यांच्या गटाचा. गर्भ तीनेक महिन्यांचा असताना रेषा तीन जागांहून सुरू होतात : बोटाच्या उशीच्या मध्यावर, नखाखाली आणि सांध्याच्या घडीपाशी. तिथून त्या लाटांसारख्या पसरतात आणि एकमेकींना येऊन भिडतात. लाटा कुठून निघाल्या, केव्हा भिडल्या, यावर शंख की चक्र ते ठरतं. त्यामागचं गणित ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलेलं, झेब्र्याच्या पट्ट्यांना लावतात तेच. ३१ वर्षं मी डेल्टा शोधत होतो आणि तो तिथे का असतो हे मला निवृत्तीनंतर कळलं. या सगळ्यात मेंदूच्या कप्प्यांचा उल्लेख कुठेही नाही.

बुद्धीच्या जनुकांचं काय, हेही भाचीला विचारलं. तिथेही मोठं काम झालंय. माणूस किती वर्षं शिकतो आणि त्याची जनुकं, याचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सुमारे ३० लाख लोकांवर केलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, जनुकशास्त्रज्ञ आणि संगणकवाले सगळे त्यात एकत्र. एवढा खटाटोप करून हाती आलं काय, तर लोकांच्या शिक्षणात जो फरक दिसतो, त्यातला १२ ते १६ टक्के माणसाच्या जनुकांवरून काढलेल्या एका आकड्याने सांगता येतो. तोही गटाच्या पातळीवर. एकट्या मुलाचं भाकीत यावरून करू नका, असं ते संशोधक स्वतःच सांगतात. ३० लाख माणसं तपासणारे असे जपून बोलतात आणि शाळेच्या हॉलमधला तरुण दशांशानंतर दोन आकडे देतो. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. शाळांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

पैशांचं मी सोडून देतो. लोक पत्रिकेवर याहून जास्त घालवतात. नातवाचंही निभावेल. भिंग हातात दिल्यावर डावी तर्जनी त्याने स्वतः मोजली, गाभ्यापासून डेल्टापर्यंत १४ रेषा. मी १३ मोजल्या होत्या. पुन्हा पाहिलं, पोराचं बरोबर होतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. त्या दिवशी शंभरेक मुलांची दहाही बोटं आणि तळहात कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये गेले. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. पुढे आधार, बँक, परीक्षा, नोकरीची हजेरी सगळीकडे हीच बोटं लागणार. आम्ही चोर-दरोडेखोरांचे ठसे घ्यायचो, त्यालाही नियम होते. १९२० च्या कायद्यात, आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर त्याची स्लिप नष्ट करायची किंवा त्याला परत द्यायची तरतूद होती. सहावीतल्या मुलाला ती सोय कुणी दिली? मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो. आमच्याकडे आलेल्या फॉर्मवर ‘मी शिबिरासाठी परवानगी देत आहे’ एवढीच ओळ होती. ठसे किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, एक शब्द नाही.

मी शाळेला लेखी विचारलं. ‘शिबिर ऐच्छिक होतं, शाळेचा त्याच्याशी संबंध नाही’, असं उत्तर आलं. हॉल शाळेचा, फॉर्म शाळेच्या शिक्क्याचा, पैसे वर्गशिक्षिकेने गोळा केलेले. शिबिरवाल्या तरुणाचा फोन आता लागत नाही. शिक्षण विभागाने अशा शिबिरांना शाळेत जागा देऊ नये असं स्पष्ट पत्रक काढावं आणि आजवर घेतलेले मुलांचे ठसे पुसल्याचं लेखी घ्यावं, एवढी माझी मागणी आहे. येत्या शनिवारी पालकसभा आहे. तिथे मी स्लिपा कुठे आहेत, एवढंच विचारणार आहे.

आपला,
एक निवृत्त अंगुलीमुद्रा तज्ज्ञ, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)