हिमनदी गप्प नसते

लातूर,
१८ ऑगस्ट

प्रिय आबा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुला नुसतं 'पोचलो' म्हणालो, कारण बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. गुडघ्यांमुळं तुझं नळदुर्गाबाहेर पडणं बंद झालंय, म्हणून सगळं कागदावर लिहितो. चहा घेऊन निवांत बस आणि वाच.

मी ३१ वर्षं लेकरांना हिमनदी शिकवली. फळ्यावर यू आकाराची दरी, डोंगराच्या कुशीत हिमगव्हर म्हणजे बर्फानं कोरलेला खोलगा, पायथ्याला हिमोढ म्हणजे बर्फानं आणून टाकलेली दगडमाती, कडेला वर लोंबती दरी. आकृती सुबक यायची, तू विज्ञानाचा तास सोडून दारात उभा राहून बघायचास. पण त्या आकृतीतून काय सुटलं होतं ते मला आत्ता, अलास्काच्या समुद्रात, बोटीच्या कठड्याला धरून उभा असताना कळलं.

पोरानं आम्हा दोघांना अँकरेजहून सिवर्डला नेलं, रस्ता साधारण २०० किलोमीटरचा. १८६७ साली रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेणारा अमेरिकेचा जो मंत्री, त्याच्याच नावाचं हे गाव. दिवसभराची बोट होती, सकाळी निघून संध्याकाळी परत. हिनं पहाटे उठून धपाटे लाटले आणि शेंगाची चटणी बांधून घेतली. बोटीवर जेवण मिळतं म्हणून पोरगा सांगत होता, पण ही कुठली ऐकते!

धक्का सुटला नाही तोच समुद्री ऊदमांजरं दिसली. पाठीवर उताणी तरंगत होती, आणि एका आईच्या पोटावर पिल्लू झोपलेलं. या जनावराच्या अंगात देवमाशासारखा चरबीचा थर नसतो, थंडी अडवते ती फक्त केसांची दाटी. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस. त्याच केसांपायी रशियन आणि नंतर अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्यांचा जवळपास निर्वंश केला. १९११ साली देशादेशांत करार झाला तेव्हा कुठं ती वाचली. मी त्या पिल्लाकडं दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो.

आयालिक भूशिराला वळसा घालताना उघडा समुद्र लागला आणि लाटांनी हिचा जीव कासावीस केला. आल्याची वडी चघळत, डोळे मिटून बसली. तेवढ्यात कप्तानानं इंजिन बंद केलं. समोर कुबड्या देवमाशाची मादी होती, आणि शेजारी तिचं पिल्लू. पाण्यातून फवारा उडाला, काळी पाठ कमानीसारखी वर आली आणि शेवटी शेपूट उभं राहून हळूच आत गेलं. हे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात जातात, तिथं पिल्लं होतात, पण आईला खायला जवळपास काहीच मिळत नाही. मग उपाशीपोटी, पिल्लाला दूध पाजत, हजारो किलोमीटर पोहून ती उन्हाळ्यात अलास्काला येते, कारण अन्न इथं आहे. मला आपली शाळा आठवली रे. दसरा झाला की बाकं रिकामी व्हायची. ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांवर भांड्याकुंड्यांत बसलेली आपली लेकरं आठवली. पोटासाठी लेकरू कडेवर घेऊन निघणं हे फक्त माणसाचंच नाही, हे मला माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

पुढं चिसवेल बेटांवर स्टेलर समुद्रसिंह खडकांवर पसरलेले होते आणि पफिन पक्षी, नारिंगी चोचीचे, पाण्यावरून जड अंगानं पंख मारत चाललेले. हेच पंख पाण्याखाली वल्ह्यासारखे चालतात, तिथं ते झटक्यात पोहतात.

धबधब्यांचं तुला सांगायलाच हवं. आपण दर पावसाळ्यात लेकरांना तुझ्या गावी नर-मादी धबधबा दाखवायला आणायचो. बोरी नदी पाणीमहालावरून कोसळायची आणि सगळे चिंब व्हायचे. इथं असे धबधबे मोजता येईनात. आणि ते कुठून पडत होते? लोंबत्या दऱ्यांमधून! मोठ्या हिमनदीनं मुख्य दरी खोल कोरली, लहानीला तेवढं कोरता आलं नाही, म्हणून तिची दरी वर लटकत राहिली. बर्फ गेला, मुख्य दरीत समुद्र शिरला, तो फियॉर्ड. लहान दरीतलं पाणी आता सरळ त्यात उडी घेतं. माझी फळ्यावरची आकृती उभीच्या उभी समोर होती. डोळे भरून आले, लपवत नाही.

मग आयालिक हिमनदी आली. हार्डिंग हिमक्षेत्रातून उतरणारी, थेट समुद्रात पाय टाकून उभी असलेली भिंत. मी लेकरांना पांढरा खडू वापरून दाखवायचो, पण ही निळी होती. दाबानं हवा निघून गेलेला घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा मागं ठेवतो. समोर तरंगत्या बर्फावर सील पिल्लांना घेऊन पडले होते. बोट थांबली, सगळे गप्प झाले.

आणि आबा, ती बोलत होती. आतून कडाडत होती, कुरकुरत होती. भिंतीचा एक तुकडा सुटून पाण्यात गेला, फेस उसळला, पण आवाज नाही! तू वीज चमकली की लेकरांना मोजायला लावायचास ना, तसंच मी मोजलं. एक... दोन... आणि मग गडगडाट आला, आपल्या वळवाच्या ढगासारखा. आवाजाला किलोमीटरभर यायला तीनेक सेकंद लागतात, म्हणजे आम्ही पाऊण किलोमीटरच्या आतच होतो. ३१ वर्षं मी लेकरांना मुकी हिमनदी शिकवली.

खलाशानं जाळ्यानं बर्फाचा एक खडा उचलून सगळ्यांच्या हातात फिरवला. काचेसारखा स्वच्छ. कानाला लावला तर आत बारीक तडतड चालली होती, कोंडलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे फुटत होते. हिनं तो माझ्याकडून घेतला, पेल्यात धरला आणि वितळलेला थेंबन् थेंब पिऊन टाकला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरलेली बाई ती, सांडू कसं देईल?

आदल्या दिवशी जवळच्याच एक्झिट हिमनदीकडं चालत गेलो होतो. ती मागं सरकत गेली तशा वाटेवर सालांच्या पाट्या लावल्यात. १९२६ ची पाटी दिसली, आमच्या दादांचं जन्मसाल. तिथं उभं राहून बर्फ शोधायला मान उंच करावी लागली. त्या पाटीपाशी मी बराच वेळ थांबलो, पोरानं हाक मारेपर्यंत.

त्या गडगडाटाचा आवाज मी मोबाईलवर घेतलाय. हेडमास्तरांशी बोलणं झालंय, पोळ्यानंतरच्या सोमवारी सातवीच्या वर्गात तो ऐकवायचाय. मी फळ्यावर आकृती काढतो, आकडे मोजायला लावायचं काम तुझं. गुडघ्यांचं सांगू नकोस, गाडी पाठवतो.

तुझाच,
बापू