नेरूळ-बेलापूरच्या जेटीवर छोट्या बोटींना जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीचे दिवस जवळ आले की तुमच्या पुरवणीत बेटांवरच्या रिसॉर्टबद्दल पानंच्या पानं येतात आणि आमच्या घरी ती आवडीने वाचली जातात. पण अशा बेटांवर विमानाने न येता स्वतःच्या बोटीने येणारी माणसंही असतात, त्यांच्याबद्दल मराठीत फार कमी छापून येतं, म्हणून हे पत्र. माझी नणंद आणि तिचे मिस्टर अशाच माणसांपैकी. मिस्टर मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर होते, आमच्या सीवूड्स-नेरूळला अशी घरं भरपूर आहेत, पण रिटायर झाल्यावर फ्लॅटमध्ये बसून न राहता या दोघांनी मलेशियात एक सेकंडहँड शिडाची बोट घेतली आणि आता वर्षातला बराच काळ ते तिच्यावरच राहतात.

मागे त्यांची बोट दुरुस्तीला काढली होती तेव्हा मी आणि आमचे हे त्यांना भेटायला लंकावीला गेलो. लंकावी म्हणजे मलेशियाच्या वायव्य टोकाला अंदमान समुद्रातली बेटं, १९८७ पासून ड्यूटी फ्री आणि २००७ पासून युनेस्कोचा जिओपार्क, म्हणजे तिथल्या खडकांसाठी आणि भूरचनेसाठी जपलेला परिसर. तिथल्या मुख्य बेटाला लागूनच रेबाक नावाचं एक छोटं बेट आहे, त्यावर रिसॉर्ट आणि मरीना, म्हणजे खासगी छोट्या बोटी लावायचं बंदर, दोन्ही एकत्र, आणि ते रिसॉर्ट बरीच वर्षं आपल्या ताजवाल्यांकडे होतं. झाडी दाट, धनेश पक्षी अगदी खोलीसमोरच्या फांदीवर येऊन बसतात, घोरपडी लॉनवरून फिरतात.

आता कुणी म्हणेल की ज्यांचं घरच बोट आहे त्यांना रिसॉर्टची खोली कशाला, तर ते तिथे गेल्यावरच कळलं. बोट क्रेनने उचलून बाहेर काढतात आणि लोखंडी टेकूंवर उभी करतात, मग बुडाला चिकटलेलं सगळं खरवडायचं आणि नवा रंग द्यायचा. तेवढे दिवस बोटीतलं बेसिन वापरता येत नाही कारण पाणी थेट खाली रंगकाम करणाऱ्याच्या डोक्यावर पडणार, संडास बंद, फ्रिज समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा म्हणून तोही बंद, आणि रात्री-अपरात्री खाली उतरायचं तर उंच शिडी. साठीच्या पुढच्या माणसांनी हे कसं करायचं? म्हणून ती दोघं थोडे दिवस रिसॉर्टमध्ये राहिली.

नणंदेला तिथल्या समुद्राचं, पूलचं काही विशेष नव्हतं, तिला कौतुक होतं ते गोड्या पाण्याच्या शॉवरचं. लांबच्या प्रवासात टाकीतलं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला जपावं लागतं, अंघोळ खाऱ्या पाण्याची आणि शेवटी अंगावरून एकच तांब्या गोडं पाणी, त्यामुळे केस कायम चिकट आणि उशीचा अभ्रासुद्धा खारट ओलसर. तिने आल्या आल्या सगळे अभ्रे-चादरी मशीनला लावल्या, दुपारी वाळलेल्या चादरीचा नाकाशी धरून वास घेतला आणि मग ती जी झोपली ती संध्याकाळीच उठली. समुद्रात दोघांनी रात्री आळीपाळीने जागायचं असतं, तीन-चार तासांनी दुसऱ्याला उठवायचं, इथे कुणी उठवणारं नव्हतं. मिस्टर मात्र रोज सकाळी डबा घेतल्यासारखे बोटीकडे जायचे ते काळे हात घेऊन दुपारी परत.

मला जास्त सांगायचंय ते मात्र मरीनाबद्दल. तिथला धक्का तरंगता आहे, जाडजूड खांबांना कड्यांनी अडकवलेला, भरती आली की तोही वर चढतो आणि ओहोटीला खाली उतरतो, म्हणजे बोट आणि धक्का कायम एका पातळीवर. प्रत्येक बोटीजवळ पाण्याचा नळ आणि विजेचा पॉइंट. किनाऱ्यावर बाथरूम, कपडे धुवायची सोय, जवळच जेवणाची जागा. बस एवढंच. आणि एवढ्यावर देशोदेशीची जोडपी तिथे येऊन राहतात, रंगारी, मेकॅनिक, शीड शिवणारे, पलीकडे नेणारे फेरीबोटवाले, रिसॉर्टचं हॉटेल, सगळ्यांना काम मिळतं.

आपल्याकडे काय आहे? नेरूळला जेटी झाली, टर्मिनलची मोठी इमारत झाली. बेलापूरची जेटी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं. समोर घारापुरी, १९८७ पासून जागतिक वारसा. पण बाहेरून आलेल्या छोट्या बोटीने चार दिवस कुठे थांबायचं, पाणी कुठे भरायचं, याची सोय कुठेच दिसत नाही. गेटवेसमोर शिडाच्या बोटी नांगरलेल्या दिसतात, पण तिथेही माणसाला डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत, बसून किनाऱ्यावर यावं लागतं. आपल्याकडे उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर वर-खाली होते, ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्यांवरून चढणं तरण्या माणसालाही अवघड, मग टोपली घेऊन उतरणाऱ्या कोळणीने काय करायचं? तरंगता धक्का झाला तर पहिला फायदा तिचाच.

आणि हे भारतात होत नाही असंही नाही. कोचीला बोळगट्टी बेटावर डचांनी १७४४ मध्ये बांधलेला राजवाडा आहे, तो केरळ पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे आणि त्याच आवारात त्यांनी मरीना बांधली. बोट लावा, चालत हॉटेलात जा. दर्याची परंपरा तर आपलीही आहे. दिलीप दोंदे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहूनच निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन अशी चार बंदरं घेतली. इतक्या तयारीच्या माणसालाही किनारा लागतोच ना!

वाशीच्या पुलांखालून शिडाची उंच डोलकाठी जाणार नाही म्हणून ठाण्यापर्यंत अशा बोटी येणार नाहीत, ते मला माहीत आहे, आणि खाडीत गाळ आहे हेही. शिवाय ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे आणि खारफुटीत कुणी हात घालू नये, हे अगदी ठाम मत आहे माझं. नवीन भराव नको, नवीन रिसॉर्ट तर नकोच. ज्या जेट्या आधीच बांधून झाल्यात तिथेच पुरेसं पाणी असलेल्या बाजूला दहा-बारा छोट्या बोटींपुरता तरंगता धक्का, नळ, स्वच्छ बाथरूम आणि मैला खाडीत न सोडता काढून घ्यायची सोय करा. दिवाळे आणि सारसोळेच्या कोळी बांधवांना विचारून जागा ठरवा, त्यांच्या होड्यांची वाट अडता कामा नये, आणि देखभालीचं काम त्यांच्याच मुलांना द्या, इंजिन त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येचा वारा असतो, तेव्हा लंकावीहून पश्चिमेकडे यायला बरं पडतं. नणंद आणि मिस्टर पुढच्या मोसमात कोचीपर्यंत यायचं म्हणतायत, तिथून वर मुंबईला यायची तिची फार इच्छा आहे, कारण माहेर इथे आहे. नेरूळ किंवा बेलापूरच्या जेटीवर खासगी शिडाची बोट थोडे दिवस लावता येते का, परवानगी कोण देतं आणि भाडं किती, हे संबंधितांनी तुमच्या पेपरातून जाहीर करावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई