रीफ टँकच्या एलईडी लाइटबाबत दिशाभूल करणारी जाहिरात : लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेल्या १६५ वॉटच्या रीफ एलईडी लाइटबद्दल, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवर लावायच्या दिव्याबद्दल, ही तक्रार आहे. फोनवर आणि चॅटवर बोलून काहीच निष्पन्न झाले नाही, म्हणून आता लेखी देत आहे. पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मोजमापाचे फोटो आणि आपल्या प्रतिनिधीचा ईमेल सोबत जोडला आहे.

माझा टँक तीन फूट लांब, दीड फूट उंच आहे. त्यात झोआ, मशरूम आणि एक लेदर कोरल, एवढेच सॉफ्ट, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले कोरल आहेत. लाइट घेताना मी पार, म्हणजे शैवालांना अन्न तयार करायला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप, बघूनच घेतला. कोरलच्या अंगात वाढणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि कोरलचे पोट बऱ्याच अंशी त्यावरच भरते. प्रकाश कमी पडला तर ते उपाशी राहतात, एकदम जास्त झाला तर शैवाले गमावून पांढरे पडतात. आपल्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘तीन फुटी टँकला एकच लाइट पुरेसा, तळापर्यंत सर्वत्र १५० पार’. सॉफ्ट कोरलना साधारण ५० ते १५० पार चालतो. त्या ओळीवर विसंबून मी पैसे भरले.

काही आठवड्यांतच टँकमध्ये फरक दिसू लागला. मधल्या खडकावरच्या लेदर कोरलने पॉलिप (अंगावरची फुलासारखी उघडणारी बारीक तोंडे) उघडणे बंद केले आणि त्याचा माथा फिकट पडला. त्याच वेळी डाव्या कोपऱ्यातल्या हिरव्या झोआंचे देठ लांब होऊन लाइटच्या दिशेने ताणले गेले. आधी त्या खडकाला चिकटून सपाट उघडत असत. खारेपणा, तापमान आणि अल्कलिनिटी मी नेमाने तपासते, त्यात काही बदल नव्हता.

मग ओळखीच्या एका रीफवाल्यांकडून पाण्याखाली चालणारा अपोजी कंपनीचा पार मीटर आणला. लाइट पूर्ण क्षमतेवर ठेवून जागोजागी आकडे घेतले. मधल्या खडकाच्या माथ्यावर ३८०, त्याच्या सरळ खाली वाळूवर १४०, आणि दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत वाळूवर २५ ते ३०. ‘सर्वत्र १५०’ कुठे आहे, ते आपणच दाखवावे. लाइट निम्म्यावर आणला की माथा सावरतो, पण कोपऱ्यांत जवळपास काहीच उरत नाही. कोपऱ्यांसाठी वाढवला की माथा भाजतो. मधे चटका आणि कडेला अंधार, अशी ही लेन्स आहे. डिमर फिरवून ते सुटणार नाही.

यावर आपल्या प्रतिनिधीने फोनमधल्या अ‍ॅपवर लक्स मोजायला सांगितले, आणि पांढऱ्या एलईडींचा प्रकाश वाढवल्यावर आकडा मोठा आला तेव्हा ‘प्रकाश भरपूर आहे’ म्हणून तक्रार बंद केली. हे मला सर्वांत जास्त लागले. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला फारच कमी. पाणी लाल प्रकाश वरच्या वरच शोषून घेते, त्यामुळे कोरलमधली शैवाले मुख्यतः निळ्यावर जगतात. पार मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रत्येक प्रकाशकण सारखाच मोजतो. रीफचा लाइट विकणाऱ्यांना हा फरक ठाऊक असायलाच हवा.

पुढे ईमेलमध्ये आपणच कळवले की १५० हा आकडा लाइटच्या बरोबर मध्याखाली, पाण्याविना घेतलेला आहे. मग जाहिरातीत ‘तळापर्यंत सर्वत्र’ कशाच्या आधारावर छापले?

वॉटचेही तसेच. प्लगवर मीटर लावून पाहिले तर लाइट ११० वॉटच्या आसपास वीज घेतो. ३ वॉटच्या ५५ एलईडींचा गुणाकार करून खोक्यावर १६५ छापलेले दिसते. नवीन लाइटखाली कोरल हळूहळू सरावू द्यावेत, कमी टक्क्यांवर सुरू करून काही आठवड्यांत वाढवावे, याची एक ओळही पुस्तिकेत नाही. मी ते केले, पण नवख्या माणसाचा टँक यात पांढरा पडेल. शिवाय भारतातल्या ग्राहकांसाठीच्या जाहिरातीत कठीण प्रवाळांनी गच्च भरलेला टँक दाखवला आहे. कठीण प्रवाळांना आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये संरक्षण आहे. ते चित्र काढून टाकावे.

लाइट परत न्यावा आणि पूर्ण रक्कम, परतीच्या कुरिअरच्या खर्चासह, माझ्या खात्यात जमा करावी. बदली म्हणून तोच लाइट किंवा कूपन मी घेणार नाही. जाहिरातीतला आकडा काढून त्या जागी पाण्यातल्या मोजमापाचा पूर्ण नकाशा द्यावा: लाइट पाण्यापासून किती उंचीवर होता, किती टक्क्यांवर होता, आणि कोपऱ्यांसह कुठे किती पार मिळाला.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. लाइट खोक्यासह बांधून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवण्याच्या आदल्या दिवशी कळवावे.

आपली,
एक ग्राहक
ठाणे (पश्चिम)