प्रत्येक ‘माशी’ ही माशी नसते

महोदय,

‘माशी’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो आणि त्याची किंमत शेतात मोजावी लागते. टोमॅटोवरील पांढरी माशी मुळात माशीच नव्हे; चार पंखांची, रस शोषणारी ती कीड मावा-तुडतुड्यांच्या गणातील आहे. फळमाशी मात्र खरी माशी. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते आणि मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या इवल्या घुंड्या असतात, म्हणूनच सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली या गणाला दोन पंखांचे या अर्थाचे ‘डिप्टेरा’ हे नाव दिले.

मागील आठवड्यात मखमलाबाद शिवारात, फुलावर आलेल्या कोथिंबिरीभोवती हवेत एकाच जागी तरंगणारे काळे-पिवळे कीटक गांधीलमाश्या समजून एका शेतकरी बंधूंनी फवारणीचा पंप पाठीला लावला होता. जवळून पाहता दोनच पंख, आखूड मिशा आणि डोके व्यापणारे टपोरे डोळे दिसले. ती सिरफिड माशी होती, जिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा फस्त करतात. पंप तसाच खाली उतरला.

शेतकरी मेळाव्यांत औषधांच्या तक्त्यांशेजारी साध्या भिंगातून कीटक ओळखण्याचे प्रात्यक्षिकही ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक