नंदीच्या गाठोड्यातला कागद

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अंकात तान्ह्या पोळ्याचे फोटो पाहिले, लाकडी नंदी ओढत निघालेली लेकरं, आणि लिहायला बसले. आमच्या घरचा नंदी यंदा निघाला नाही. लेकीचे बाबा फाल्गुनात गेले. हरभऱ्याच्या वावरात जागलीला होते. सकाळी मचाणाखाली सापडले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

जागलीला निघायच्या आधी ते लेकीला रोज गोष्ट सांगत. एकच गोष्ट, दर रात्री थोडी पुढे. एका राजाच्या पिकात अळी पडते. तो राक्षसाकडे मोहरा मागायला जातो. राक्षस म्हणतो, तुझी सावली मला लिहून दे. राजा देतो, आणि राणीच्या ध्यानात येऊ नये म्हणून सूर्य डोक्यावर असतानाच तिच्यासमोर येतो. सावलीचा कागद एक बैल राखतो. तो चारा खात नाही, पाणी पीत नाही, वर्षातून एकदाच चालतो. मी चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकायची.

तेरवी झाल्यावर लेक म्हणाली, "आई, तो बैल म्हणजे माझा नंदी ना?"

माळ्यावरून गाठोडं काढलं. जुन्या धोतरात गुंडाळलेला नंदी, एका शिंगाचा रंग उडालेला, आणि त्याच्या पायांत खताच्या पिशवीच्या तुकड्यात घडी घातलेलं खरेदीखत. दोन एकर, साल २०१८. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा पुढच्या पेरणीसाठी यांनी सावकाराकडून पैसे उचलले होते. घेतलं कर्ज, कागद मात्र विक्रीचा झाला. ते वावर तेव्हापासून मीच निंदत होते, आपलं समजून. कागदाच्या मागे पेन्सिलीनं दर दिवाळीला दिलेल्या व्याजाचे आकडे आहेत. त्याच दिवाळ्यांना साडी आणली नाही म्हणून मी रुसले होते.

राग आला, खूप आला. नऊ वर्षांच्या पोरीला सांगता येतं, मग मला का नाही? आमच्याकडे बाई वावरात नवऱ्याच्या बरोबरीनं राबते, पण डोक्यावर कर्ज किती, हे तिला तो गेल्यावर दारात आलेला माणूस सांगतो.

गाठोड्यात आणखी एक कागद होता. लक्ष्मी मुक्ती योजनेचा अर्ज, सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याचा. ही सोय १९९२ पासून आहे म्हणे. माझं पूर्ण नाव त्यांच्या अक्षरात. खाली सही नाही, तारीख नाही. तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवला आहे.

माझी विनंती एवढीच, की या योजनेची माहिती शेतीच्या पानावर सोप्या भाषेत छापा, आणि २०१४ च्या सावकारी कायद्याचीही. सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर ते खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. मला हे गावातल्या एका शिकलेल्या मुलानं सांगितलं. तो नसता तर मी गप्प बसले असते. अर्ज दिला आहे.

लेक अजून विचारते, राणीला कळल्यावर काय झालं. आता रात्री गोष्ट मी सांगते. त्यात राणी कागद पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला जाते.

आपली,
एक वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(कृपया नाव छापू नये.)